दुभाषी निर्मलाताई

पेपरात दोन देशांच्या पुढाऱ्यांचा फोटो येतो. हातात हात, हसरे चेहरे, मागे झेंडे. लोक पुढाऱ्यांकडे बघतात. मी बघतो तो त्या दोघांच्या मधे, जरा मागे, खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून बसलेल्या माणसाकडे. त्याचं नाव फोटोखाली नसतं. बरेचदा अर्धा चेहराही कापलेला असतो. पण त्या खोलीत दोघांचं सगळं बोलणं ज्याला कळलं असा तो एकटाच. ही खोड मला निर्मलाताईंमुळे लागली.

निर्मला वाघमारे आमच्याच सोसायटीत राहायच्या, घाटकोपरला पंतनगरमध्ये. दुसऱ्या मजल्यावर त्या आणि त्यांची आई. उंची बेताची, केस कानापर्यंत कापलेले, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत थर्मास. थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी. मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा त्या ते फुंकून फुंकून प्यायच्या. "तिकडची सवय," म्हणायच्या. "तिकडे पाहुणा आला की गरम पाणी, पोट दुखलं की गरम पाणी, भांडण झालं की आधी गरम पाणी, मग भांडण."

तिकडे म्हणजे चीनमध्ये. खाली जिन्यापाशी त्यांची पाटी होती, 'चिनी भाषा वर्ग'. आमच्या बिल्डिंगमध्ये ट्यूशनच्या पाट्या खूप, गणिताची, इंग्रजीची, तबल्याची. त्यांत ही एक. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी चायनीज पदार्थांचे क्लास घेतंय.

चिनीच का, हे मी एकदा विचारलं होतं. त्या सांगायला लागल्या की थेट सांगायच्या. त्यांचे वडील मराठवाड्यातून आलेले, महापालिकेत कामाला. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत घर. दर रविवारी ते विहारात मुलांना गोष्टी सांगायचे. त्यातली एक अशी, की फार पूर्वी चीनमधले भिक्षू डोंगर, वाळवंट तुडवत आपल्या देशात आले, आपली भाषा शिकले, आपले ग्रंथ घेऊन गेले. "आणि दर वेळी बाबा शेवटी विचारायचे, ते आले रे, पण आपल्यातलं कोण गेलं त्यांची भाषा शिकायला? सगळी पोरं गप्प. मला त्या गप्प बसण्याची लाज वाटायची," निर्मलाताई म्हणाल्या. "मोठी झाल्यावर संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. मग शिष्यवृत्ती मिळाली, तिकडे जाऊन राहिले. परत आले तेव्हा बाबा नव्हते."

शिकवायची त्यांची पद्धत न्यारी. चिनीत म्हणे एकच शब्द सुराप्रमाणे चार अर्थांचा होतो. पोरांना ते काही केल्या जमायचं नाही. मग त्या म्हणायच्या, "आई अशी हाक मारा. आई खाली कंपाउंडमध्ये आहे, तुम्ही वर खिडकीत. आता आई अचानक शाळेत आली, तुम्ही चकित झालात. आता तुम्हाला तिच्याकडून काहीतरी उकळायचंय. आता तिने तुमचा मोबाइल काढून घेतलाय." दुसऱ्या मजल्यावरून चार तऱ्हांची 'आई' ऐकू यायची आणि वरच्या मजल्यावरच्या दोन-चार आया दचकून गॅलरीत यायच्या.

मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होतो, खरेदी विभागात. दिनेशभाईंचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन गाळे मधली भिंत पाडून एक केलेले. औषध कंपन्यांच्या गोळ्या आम्ही स्ट्रिपमध्ये भरून, सीलबंद करून द्यायचो. दिनेशभाईंनी त्यासाठी चीनमधून मोठं मशीन मागवलं, आणि ते बसवायला तिकडचे इंजिनिअर यायचे ठरले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे एक बाई आहेत.

ते इंजिनिअर म्हणजे लिनसाहेब. चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, सोबत एक हाताखालचा माणूस. पहिली बैठक दिनेशभाईंच्या केबिनमध्ये झाली. निर्मलाताई मधे. गप्पा गोड चालल्या होत्या. मधेच दिनेशभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "परब, हे लोक मशीन विकून पळून जाणार बघ. नंतर फोन पण उचलणार नाहीत."

निर्मलाताईंनी ते शब्दन् शब्द चिनीत सांगितलं.

लिनसाहेबांचा चेहरा उतरला. ते आपल्या सोबत्याशी काहीतरी पुटपुटले. निर्मलाताई तितक्याच शांतपणे दिनेशभाईंकडे वळल्या. "ते त्यांच्या माणसाला म्हणाले, म्हातारा चहा चांगला पाजतो, पण तेलपाणी करणार नाही. वर्षभरात मशीनची वाट लावेल आणि नाव आपलं खराब होईल."

मला वाटलं, गेलं मशीन, गेली माझी नोकरी. मग दिनेशभाई खो खो हसायला लागले. त्यांना बघून लिनसाहेब हसले. त्यानंतर मात्र दोघे सरळ बोलले. देखभाल कोण करणार, बिघडलं तर कोण येणार, सगळं.

दुपारी दिनेशभाईंनी विचारलंच. "निर्मलाबेन, मी परबला बोललो ते तुम्ही कशाला सांगितलं?"

"तुम्ही माझ्यासमोर बोललात," त्या म्हणाल्या. "जे समोरच्याला कळू नये ते बाहेर जाऊन बोलत जा. मी गाळत नाही आणि पदरचं घालतही नाही."

लिनसाहेब दीड-दोन वर्षं येत-जात राहिले. आमचे फिटर अन्वरभाई आणि ते, दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नसे, पण मशीनच्या पोटात डोकं घालून तासन् तास असायचे. निर्मलाताई शेजारी स्टुलावर बसून गरम पाणी पीत लागेल तेवढं बोलायच्या.

मग ते वर्ष आलं. साथीमुळे सगळं आधीच बंद, त्यात हिमालयात सरहद्दीवर झटापट झाली आणि आपले जवान गेले. मोबाइलमधली चिनी ॲप गेली, व्हिसा थांबले, बंदरात आमचे सुटे भाग असलेला कंटेनर तपासणीसाठी अडकून पडला. निर्मलाताईंच्या वर्गातली मुलं एकेक करून गळाली. कोणाच्या आईने फोन केला, कोणी तोही नाही केला.

सोसायटीची मीटिंग कंपाउंडमध्ये भरली, तोंडाला मास्क, खुर्च्या लांब लांब. विषय पाण्याच्या टाकीचा होता, पण गाडी पाटीवर आली. सेक्रेटरी म्हणाले, उगाच कोणी दगड मारला तर काचा आपल्या फुटणार. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्या लोकांना नेहमी जगापेक्षा वेगळंच काहीतरी करायचं असतं." 'ह्या लोकांना' म्हणजे कोणाला, हे सगळ्यांना कळलं. चीनचं निमित्त करून काहींना भलतंच बोलायचं होतं.

निर्मलाताईंनी तिकडे मान वळवली नाही. त्या सावंतकाकूंकडे बघत होत्या. काकू तळमजल्यावरच्या, मूळच्या मालवणकडच्या. गिरणी बंद पडल्यावर नवरा गेला, त्यांनी खानावळीचे डबे करून मुलाला वाढवलं. तो मुलगा सैन्यात होता आणि त्या वर्षी लडाखमध्ये. पाटी बरोबर त्यांच्या दारासमोर होती.

"काकू, तुम्हाला त्रास होतो का पाटीचा?" निर्मलाताईंनी विचारलं.

काकूंनी मास्क खाली ओढला. "होता गो. दार उघडलंय की ती दिसता."

"मग काढते."

आणि त्यांनी वर जाऊन स्क्रू ड्रायव्हर आणला, स्वतः पाटी काढली. ज्यांना भांडण हवं होतं त्यांची निराशा झाली. जिन्यात मला म्हणाल्या, "बाकी कोणासाठी नसती काढली, परब."

काही दिवसांनी काकू दोन मजले चढून त्यांच्या दारात उभ्या. गुडघे दुखायचे, तरी आल्या. मी तिथेच होतो, कंटेनरचे चिनी कागद वाचून घ्यायला गेलेलो. काकू म्हणाल्या, "तुका त्यांचा वाचूक येता मा? मग ते काय म्हणतत ता माका सांग. आमचे टीव्हीवाले नुसते बोंबलतत."

तेव्हापासून रोज दुपारी निर्मलाताई खाली उतरायच्या. काकूंच्या उंबऱ्याशी बसायच्या, मोबाइलवर तिकडची वर्तमानपत्रं वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. आज बोलणी चालू आहेत असं लिहिलंय. आज नुसतंच जुनं पुन्हा छापलंय. आज काहीच नाही, आणि काहीच नाही हे बरं आहे. काकू तांदूळ निवडत ऐकायच्या. कधी फणसाची भाजी द्यायच्या, कधी सोलकढी.

एक दिवस मी जिन्यात असताना ऐकलं, "आज चांगलं नाही, काकू. भाषा कडक आहे. आठवडाभर अशी भाषा नव्हती." काकूंचा हात तांदळात तसाच राहिला.

मला राग आला. वर चढताना मी त्यांना म्हटलं, "ताई, म्हातारीला थोडं गोड करून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? ती काय दिल्लीला जाऊन युद्ध थांबवणार आहे?"

"आज गोड करून सांगितलं," त्या म्हणाल्या, "तर ज्या दिवशी खरंच बरं असेल, त्या दिवशी त्या कशावर विश्वास ठेवतील?"

मला ते पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काकू वेळेआधीच उंबऱ्यात येऊन बसल्या होत्या. मुलगा सुट्टीवर आला तोवर हे चाललं. तो आला, उंच, रापलेला, गाल बर्फाने सोललेले. काकू त्याला घेऊन वर गेल्या आणि निर्मलाताईंना म्हणाल्या, "हो बघ, इलो." एवढंच.

आपण म्हणतो मोठ्या देशांची भांडणं मोठ्या ठिकाणी होतात. समुद्रात, डोंगरावर, परिषदेत. मरोळच्या गाळ्यात बसून मला दिसलं ते असं, की ती भांडणं पाण्यासारखी उतार शोधत खाली येतात. कुठे एखादा सुटा भाग अडतो, कुठे जहाज लांबच्या वाटेने फिरून येतं, आणि आमच्याकडे पॅकिंगच्या बायका हात बांधून बसून राहतात.

पुढे अमेरिका आणि चीन यांची जुंपली. आयातकर, मग त्यावर कर. दिनेशभाईंना त्यात संधी दिसली. एका अमेरिकन कंपनीला आता चीनमधून पॅकिंग नको होतं, त्यांनी भारतात चौकशी सुरू केली. ऑर्डर आमच्यासाठी फार मोठी. दुसरी पाळी सुरू करायची, नव्या बायका घ्यायच्या असं ठरत होतं. निर्मलाताईंनी त्यांच्या जुन्या वस्तीतल्या तिघीजणींची नावं दिली होती. मीच लिहून घेतली होती.

अडचण एक होती. त्या कंपनीला चीनशी शक्य तितका कमी संबंध हवा होता, आणि गाळ्याच्या मधोमध उभं होतं लिनसाहेबांचं मशीन. पाहणीला त्यांची बाई येणार ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मशीनची पूजा झालेलीच होती. दिनेशभाईंनी झेंडूचा जाडजूड हार मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पाटीवर असा ओढून बसवला की एक अक्षर दिसू नये. निर्मलाताई त्या दिवशी नेमक्या आलेल्या. नव्या बायकांना सोपं जावं म्हणून मशीनच्या बटणांशेजारी त्या मराठी चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"निर्मलाबेन, तुम्ही आज काही बोलू नका," दिनेशभाई म्हणाले.

"विचारल्याशिवाय नाही बोलणार."

पाहुणी चांगली होती, हसरी. सगळीकडे फिरली, बायकांशी खुणांनी बोलली. मशीनपाशी येऊन तिने झाकणावरची चिनी अक्षरं दाखवत, चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या निर्मलाताईंना इंग्रजीत विचारलं, इथे काय लिहिलंय?

"हात आत घालू नका," निर्मलाताईंनी वाचून दाखवलं.

पाहुणी हसली, आम्हीही हसलो. मग तिने हाराकडे बोट केलं. "आणि याच्या खाली?"

निर्मलाताईंनी दिनेशभाईंकडे पाहिलं. नीट पाहिलं, त्यांनी स्वतः सांगावं म्हणून थांबल्या. दिनेशभाई पंख्याकडे बघत होते. मग निर्मलाताईंनी हार न हलवता कंपनीचं नाव, गावाचं नाव आणि देशाचं नाव सांगितलं. पाहुणीने मान डोलावली, आभार मानले.

मोठी ऑर्डर आली नाही. लहानशी आली, तीही उशिरा. दुसरी पाळी सुरू झाली नाही. दिनेशभाईंनी निर्मलाताईंचं नाव घेणं सोडलं. त्या तिघीजणींना काम नाही हे सांगायला निर्मलाताई स्वतः डोंगरावर चढून गेल्या. परत आल्या तेव्हा मी खाली कट्ट्यावर होतो.

"गप्प बसता आलं असतं, ताई," मी म्हटलं. "माहीत नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं."

त्या शेजारी बसल्या. पिशवीतला थर्मास काढून झाकणात पाणी ओतलं. "त्यातली एक म्हणाली, ताई, तुम्ही आमच्या बाजूच्या का त्यांच्या?" त्या म्हणाल्या. "परब, चिनी येणारी माणसं आता पुष्कळ आहेत. मोबाइलला पण येते. मला लोक बोलावतात ते मी सांगते ते खरं असतं म्हणून. ते एकदा गेलं की माझ्याकडे दुसरं काही नाही. पण तिला हे कसं सांगू?"

त्यांचं बरोबर होतं की नाही, मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्या तिघींतली एक आता अंधेरीत घरकामं करते. ती दिसली की माझं मन एकीकडे जातं, निर्मलाताई आठवल्या की दुसरीकडे.

त्यानंतर काही महिन्यांत मशीन बंद पडलं. सील नीट बसेना, स्ट्रिप सुटायला लागल्या. अन्वरभाईंनी सगळं करून पाहिलं. आधी आपण तिकडच्या इंजिनिअरना येऊ देत नव्हतो. आता तिकडचं सरकारच माणसं आणि माहिती बाहेर सोडायला नाखूश होतं. ई-मेलला उत्तर येईना. औषध कंपनीने दुसरीकडे माल द्यायची धमकी दिली. शेवटी दिनेशभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोलाव त्यांना."

निर्मलाताई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. मागचं काही काढलं नाही. लिनसाहेबांना व्हिडिओ कॉल लावला. ते त्यांच्या कारखान्यात होते, केस बरेच पिकलेले. त्यांच्या मागे खुर्चीवर एक अनोळखी माणूस बसला होता. लिनसाहेबांनी हातातला कागद बघून वाचून दाखवलं आणि निर्मलाताईंनी तशाच कोरड्या आवाजात मराठीत सांगितलं. "कंपनीच्या सध्याच्या नियमांनुसार परदेशी ग्राहकांना दुरुस्तीचं मार्गदर्शन करण्यास आम्ही असमर्थ आहोत."

दिनेशभाईंनी औषध कंपनीला फोन लावायला मोबाइल काढला.

लिनसाहेबांनी विचारलं, अन्वर कसे आहेत? अन्वरभाईंनी पुढे येऊन हात हलवला. मग लिनसाहेब आणखी एक वाक्य बोलले. "ते म्हणतात, त्यांना आता त्यांचं काम करायचंय," निर्मलाताईंनी सांगितलं.

पण त्यांनी फोन बंद केला नाही. समोरच्या फळीवर टेकवून ठेवला. पडद्यावर आमच्यासारखंच एक मशीन दिसलं. लिनसाहेबांनी त्याचं झाकण उघडलं.

अन्वरभाई ताडकन उठले.

लिनसाहेब सावकाश काम करत होते. एक बोल्ट सैल केला. थांबले. रोलर हाताने फिरवून पाहिला. आतल्या एका स्प्रिंगवर बोट ठेवलं आणि ते बोट तसंच राहू दिलं. दिनेशभाई कुजबुजले, "काय म्हणतोय तो?"

"काही म्हणत नाहीयेत."

"मग?"

"मग मी काय सांगू? बघा."

अन्वरभाई इकडे तेच करत गेले. एके ठिकाणी ते चुकले. लिनसाहेबांनी फोनकडे ओझरतं पाहिलं, आपल्या मशीनचं जुळवलेलं सगळं पुन्हा सोडवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मागचा माणूस आपला मोबाइल बघत बसला होता. आमच्याकडे कोणी खोकलंसुद्धा नाही. निर्मलाताई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला काही काम नव्हतं.

दुपारी आमचं मशीन सुरू झालं. त्याचा खटखट आवाज फोनमधून तिकडे गेला असणार. लिनसाहेबांनी हात पुसले, फोन उचलला आणि एक वाक्य बोलून कॉल बंद केला.

सगळे निर्मलाताईंकडे बघत होते. "ते म्हणाले," त्यांनी चष्मा काढला, पुसला, "आज माझ्याकडून तुम्हाला काही मदत होऊ शकली नाही, त्याबद्दल माफ करा."

दिनेशभाई खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळून म्हणाले, "निर्मलाबेन, घरून डबा आलाय. जेवून जा." त्या जेवून गेल्या.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. वेंगुर्ल्याजवळ गावी घर दुरुस्त करून घेतलं होतं, तिकडे जायचं ठरलं. तोवर आमचा कच्चा माल व्हिएतनामहून यायला लागला होता. शेजारच्या गाळ्यात व्हिएतनामी मशीनं आली, त्यांच्याबरोबर तिकडची माणसं आली. निर्मलाताईंनी पन्नाशी ओलांडल्यावर ती भाषा शिकायला घेतली. मी म्हटलं, "आता कशाला, ताई?" तर म्हणाल्या, "त्यांच्याशी बोलायला कोणीतरी हवं ना. आणि मला अजून चुका करता येतात."

शेवटच्या दिवशी हिशेब-बिशेब आटपून मी मरोळ नाक्यावर रस्ता ओलांडायला उभा होतो. पलीकडे मेट्रोच्या पुलाखाली फळवाल्याच्या गाडीपाशी निर्मलाताई होत्या. सोबत शेजारच्या गाळ्यातली एक व्हिएतनामी मुलगी, कंपनीच्या निळ्या कोटात. मुलगी एकेक फळ उचलून त्याचं नाव सांगत होती आणि निर्मलाताई ते म्हणून बघत होत्या. पपईपाशी घोडं अडलं. त्यांनी म्हटलं, मुलीने मान हलवली. पुन्हा म्हटलं, मुलगी तोंडावर हात धरून हसली. फळवाल्यानेही म्हणून पाहिलं, त्यालाही जमलं नाही. निर्मलाताई विद्यार्थ्यासारखी मान तिरकी करून मुलीच्या ओठांकडे बघत होत्या.

हाक मारावी असं वाटलं. पण त्या शिकत होत्या.

मधे एक बस येऊन थांबली. लोक उतरले, चढले. बस निघून गेली, तेव्हा त्या अजून पपईवरच होत्या.